ज्याले नंबर प्लेट नाई

मडगार्ड नसलेली सायकल चालवली की शर्टाच्या पाठीवर चिखल जमतो. घरी गेल्याशिवाय कळत नाही. आमच्या ग्रुपचे किस्से तसेच जमलेत. ग्रुप म्हणजे चंद्रपुरात सकाळी सायकल हाणणारे आम्ही तिघं: मी, शाळेतल्या बोरकर मॅडम आणि एसटीतून रिटायर झालेले रामटेकेभाऊ. भांडण एकच. सायकलवाल्यानं लाल सिग्नलला थांबायचं की नाही? मॅडम थांबतात. भाऊ थांबत नाहीत. मी ज्याच्या मागे असेन त्याच्यासारखं वागतो.

भाऊंचं म्हणणं साफ आहे. "ज्याले नंबर प्लेट नाई, त्याले लाल कायचा?"

ही सवय त्यांना लेकीपायी लागली. सुजाता पोलीस भरतीसाठी रस्त्यावर पळायची, भाऊ सायकलवर तिच्या मागे. सिग्नल आला की ओरडायचे, "थांबू नको वं पोरी, दम तुटते!" पोरगी भरती झाली. भाऊ मात्र थांबायला शिकले नाहीत.

*

एकदा हवालदारानं शिट्टी मारून त्यांना अडवलं.

"लायसन?"

"सायकलचं भेटते का? भेटत असंल तं आजच काढतो!"

भाऊंनी मग टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसी, सगळ्याचाच विषय काढला. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. हवालदार म्हणाला, "जा बाप्पा आता."

मॅडमनी मागून टाळ्या वाजवल्या. "अभिनंदन भाऊ! आज पूर्ण लाल थांबलात!"

*

त्यानंतर भाऊंनी युक्ती काढली. लाल दिसला की उतरायचं, सायकल हातात धरून चौक ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा टांग मारायची.

"हे चीटिंग आहे," मॅडम म्हणाल्या.

"काऊन? मी आता पायदळ हाव."

"आणि सायकल?"

"थे माह्यासंगं फिराले आली हाय!"

*

मॅडमही काही कमी नाहीत. एका सकाळी बसस्टँडजवळचा सिग्नल लालवरच अडकला. आम्ही पुढे जाऊन टपरीवर चहा घेतला, भाऊंनी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घेतला, परत आलो तरी मॅडम तिथेच! त्यांच्यामागे दूधवाला, पेपरवाला आणि एक ऑटो. चौक रिकामा.

"मॅडम, तो बिघडला हाय!"

"बिघडला असेल. पण लाल आहे."

दूधवाल्यानं हळूच भाऊंना विचारलं, "कोणता मंत्री येऊन राह्यला जी?"

*

मूल गावाच्या रोडला जंगलात सिग्नलच नाही, त्यामुळे तिथे भाऊ खुशीत सगळ्यांच्या पुढे असतात. एका वळणावर त्यांनी कचकन ब्रेक मारला. रस्त्यात वाघ! तो आमच्याकडे न बघता, आरामात झुडपात गेला. तो दिसेनासा झाल्यावर मॅडमनी विचारलं, "भाऊ, आज कसे थांबलात? लाल कुठे होता?"

"पिवळा होता ना!" भाऊ म्हणाले. दोन्ही ब्रेक अजून दाबलेलेच होते.

*

मग सुजाताला ट्रॅफिकची ड्युटी लागली, आणि चौक मिळाला तो नेमका आमच्या परतीच्या रस्त्यावरचा. तिनं घरी सांगून टाकलं, "बाबा, माह्यासमोर लाल तोडला तं पावती फाडीन. मी नवी हाव, सारे मले पाहून राह्यले."

दुसऱ्या दिवसापासून भाऊ मागच्या गल्लीतून लांबचा फेरा घालायला लागले. मला म्हणाले, "सवय वाईट हाय ना. माह्यानं चुकलं तं पोरीचं हसं होईन."

एक दिवस सुजातानंच मॅडमना गाठलं. "सारं चंद्रपूर माह्यासमोरून जाते, मॅडम. बाबाच तेवढे येत नाई." तिचे डोळे भरले होते.

मॅडमनी हे भाऊंच्या कानावर घातलं. दुसऱ्या सकाळी परतताना भाऊ गल्लीकडे न वळता सरळ चौकाकडे निघाले. मधोमध सुजाता उभी, वर्दी कडक इस्त्रीची. सिग्नल हिरवा होता. भाऊ पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे सायकलवरून उतरले आणि उभे राहिले. मागून हॉर्न सुरू झाले.

सुजातानं शिट्टी मारली. "ओ काका, हिरवा हाय! चला पुढं!"

"जातो ना, मॅडम," भाऊ म्हणाले. "आधी लाल होऊ द्या!"