आमदारांची खुर्ची
टेबलाला पॉलिश केलं, की त्या वासानं मला अटलांटाचं विधानभवन आठवतं. वीसेक वर्षं झाली. माझं शिक्षण सातवीपर्यंत; तरी माझ्या मुलीच्या, नेहाच्या बाईंनी तिसरीच्या ट्रिपला मलाही सोबत नेलं, याचं केवढं अप्रूप वाटलं होतं! सभागृहात गाईड इंग्रजीत काहीतरी बोलली, मला ते कळलं नाही आणि नेहा धावत जाऊन आमदारांच्या खुर्चीत बसली. मी घाबरून तिला दंडाला धरून उठवलं.

“ऊठ आधी! मोठ्या माणसांची जागा आहे ती.”

“पण आई, शी सेड वी कॅन!”

मग एकेक करून सगळी मुलं तिथे बसली. “जा गं आता,” मी म्हटलं. नेहा हललीच नाही.

आता ती नोकरी करते. अजूनही कुठे गेली, की रिकाम्या खुर्चीजवळ उभी राहून आधी विचारते, “मी बसू का इथे?”