जिन्यातून आलेली हाक

आधीच सांगून टाकते – असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. चमत्कार खोडून काढायचा मला पगार मिळतो. ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि माझा अभ्यासाचा विषय आहे मध्ययुगातली धर्मयुद्धं, म्हणजे क्रुसेड्स. नातेवाइकांना हे अजून पचलेलं नाही. "शिवाजी महाराज सोडून तुला हे गोरे लोक कुठे भेटले गं?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात ऐकावा लागतो. मग मी आणखी एक जिलबी घेते आणि विषय बदलते.

माझी पीएचडी एका वेढ्यावर आहे. उपासमारीने अर्धमेले झालेले सैनिक शहराबाहेर पडले आणि चक्क लढाई जिंकले. नंतर त्यांच्यातल्या कित्येकांनी सांगितलं, की डोंगरावरून पांढऱ्या घोड्यांवरचे स्वार आमच्या मदतीला उतरले... मेलेले संत होते म्हणे ते. माझा मुद्दा साधा होता. लोक नंतर एकमेकांशी बोलतात, एकाचं दुसऱ्याच्या आठवणीत मिसळतं आणि वर्षं जातात तशा सगळ्यांच्या हकिकती एकसारख्या होत जातात. साक्षीदारांना वेगवेगळं बसवून लगेच विचारलं असतं, तर त्या स्वारांचा मागमूसही उरला नसता. माझे लेख, परिषदा, प्रमोशन – सगळं या एका मुद्द्यावर उभं आहे.

बाबांनी तो प्रबंध वाचला होता. ते कल्याणजवळ मोहन्याला कारखान्यात होते, इंग्रजी बेताचंच. शेजारी डिक्शनरी ठेवून सबंध पावसाळा वाचत बसले. संपल्यावर म्हणाले, "मंजू, सगळं पटलं बघ. पण मग ते जिंकले कसे?" मी त्यांना रसद, डावपेच, शत्रूतली फूट असं बरंच काही समजावलं. त्यांनी मान डोलावली. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आता मूळ गोष्ट. डोंबिवली पश्चिमेला एका जुन्या तीन मजली बिल्डिंगमध्ये आई आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नाही, वॉचमन नाही. रस्त्याच्या बाजूला गॅलऱ्या आणि मागच्या अंगाला जिना. बिल्डिंग धोकादायक आहे की नाही यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं व्हायची, मग चहा व्हायचा आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला जायचा.

गेल्या वर्षी नवरात्राच्या थोडं आधी. दुपारचे चार वाजत आलेले, बाहेर लख्ख ऊन. मी बाहेरच्या खोलीत टेबलाशी पेपर तपासत होते, आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. कानात इअरफोन नव्हते, टीव्ही बंद होता, पंखा तेवढा चालू होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण कोणीतरी विचारणारच.

आई आतून आली. "चल, खाली चल. बाबा हाका मारतायत."

मला वाटलं, अर्धवट झोपेत आहे. म्हटलं, "आई, बस जरा. पाणी आणते."

"पाणी नको मला. जिन्यातून हाक मारली त्यांनी. चल म्हणते ना!" आणि तिने माझं मनगट धरलं.

एरवी गुडघ्यांमुळे आई एकेक पायरी भिंतीला धरून उतरते. त्या दिवशी ती मला अक्षरशः ओढत होती. मी वाद घातला नाही. खाली नेऊन आणावं, तिचं समाधान होईल, एवढाच विचार. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

जिन्यात पाहिलं तर वरच्या मजल्यावरच्या सावंत काकू आमच्या मागे उतरत होत्या, आणि पुढे कांबळे काका, दार सताड उघडं टाकून, बनियनवर निघालेले. बिल्डिंगमधले आणखी दोघं-तिघं होते, त्या वेळी घरी असलेले तेवढे सगळे. बाजूच्या गेटने बाहेर पडून, रस्ता ओलांडून आम्ही इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभे राहिलो – सगळेच जरा ओशाळलेले, आपण खाली का आलो हे न उमगून.

आणि मग गॅलऱ्या खाली आल्या. वरची मधलीवर, मधली खालचीवर... आणि त्यांच्यासोबत आमची बाहेरची खोली अर्ध्यात तुटून. टेबल, खुर्ची, पेपरांचे गठ्ठे, सगळं. रस्त्यात त्या क्षणी कोणी नव्हतं. आमच्यापैकी कोणाला खरचटलंही नाही.

आम्हाला जवळच्या एका शाळेत नेऊन बसवलं. धक्का बसला की माणूस सवयीचं काम करायला लागतो म्हणतात, माझं तसंच झालं. कोणी कोणाशी नीट बोलायच्या आत मी एकेकाला रिकाम्या वर्गात घेऊन बसले. 'हाक ऐकू आली का' असं विचारलं नाही, त्याने उत्तर आयतं तोंडात घातल्यासारखं होतं. फक्त म्हटलं, काय झालं ते सांगा.

सावंत काकू मालवणकडच्या. म्हणाल्या, "माझ्या झिलान हाक मारल्यान. 'आये, खाली ये' म्हणान. पयल्या हाकेक ओ देवचो नसता, म्हणान मी गप रवलंय. तिसऱ्या हाकेक उठलंय." भूत तिसरी हाक मारत नाही, अशी समजूत. त्यांचा मुलगा दुबईला असतो, ठणठणीत आहे. मी त्याच दिवशी त्याला फोन केला. तो त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता.

कांबळे काका बँकेतून रिटायर झालेले, आमच्या सोसायटीचे चेअरमन. भूत, भानामती असलं काही कानावर आलं की ते समोरच्याची अशी उलटतपासणी घ्यायचे की तो पुन्हा नाव काढायचा नाही. त्यांनी आधी वर्गाचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या लेखात टाकू नका हं. माझी आक्का होती... 'बाळ्या, चल बाहेर' अशी. ती गेली तेव्हा मी शाळेत होतो." मी विचारलं, आवाज ओळखलात कसा? तर चिडले. "बहिणीचा आवाज ओळखायला काय लागतं?" (इथे लिहितेय ते त्यांची परवानगी घेऊन आणि नावं बदलून.)

बाकीच्यांचंही हेच. प्रत्येकाला आपापल्या माणसाची हाक, आणि प्रत्येकाला जिन्यातूनच.

म्हणजे बघा, माझ्या सिद्धान्ताप्रमाणे वेगळं बसवलं की हकिकत फुटायला हवी होती. तशी ती फुटलीही – कोणाचीच दुसऱ्याशी जुळत नव्हती. आणि तरी सगळे एकाच वेळी, एकाच वाटेने खाली आले होते. इस्त्रीवाला टपरीतून सगळं बघत होता. तो म्हणाला, "कोई नहीं आया, मॅडम. किसीने आवाज भी नहीं दी. आप लोग ही एक के पीछे एक निकले."

इंजिनियरने सांगितलं, सळया गंजल्या होत्या, पाणी मुरलं होतं. गॅलऱ्या का पडल्या याचं उत्तर मिळालं. मग मी स्वतःच एक उत्तर तयार केलं – पडायच्या आधी इमारत कुरकुरते, जिन्याच्या पोकळीत तो आवाज घुमतो आणि झोपाळू कानाला त्यात ओळखीची हाक ऐकू येते. चांगलं उत्तर आहे. अडचण एकच. मी जागी होते, दारापासून चार पावलांवर होते, आणि मला काहीही ऐकू आलं नाही. कुरकुरसुद्धा नाही. ठाण्याला जाऊन कान तपासून घेतले. उत्तम आहेत.

त्या सबंध बिल्डिंगमध्ये हाक न आलेली मी एकटीच.

इथे खरं सांगते, हसू नका. मला त्या हाकेचं गूढ वगैरे वाटेनासं झालं. मला राग आला. आम्ही कल्याणला भाड्याच्या जागेत राहायला गेलो, कॉलेज सुरू झालं, मी पुन्हा वर्गात उभं राहून वेढा शिकवायला लागले, आणि स्वारांपाशी आले की डोक्यात एकच... बाबांनी आईला हाक मारली. मला नाही. मी त्यांची एकुलती एक मुलगी. दारापाशी मी होते, आई आत झोपली होती. ज्याच्यावर माझा विश्वास नाही अशा गोष्टीत मला वगळलं म्हणून मी झुरत होते! एक लेख दुरुस्त्या करून परत पाठवायचा होता, त्याच जुन्या मुद्द्यावरचा. फाइल उघडायचे आणि बंद करायचे.

शेवटी एका रविवारी आईला विचारलंच. ती मेथी निवडत बसली होती.

"आई, त्यांनी मला का नाही गं हाक मारली?"

तिने वरही बघितलं नाही. "तुला मारली असती तर तू आली असतीस?"

"का नसते आले?"

"अगं, जिन्यात कोणी दिसलं नाही की तू गॅलरीत जाऊन बघितलं असतंस, कोण आलंय ते. दिसलं नसतं तर वाकून बघितलं असतंस. मग इस्त्रीवाल्याला वरूनच विचारलं असतंस, कोणी आत गेलं का म्हणून." मेथीची एक काडी तिने बाजूला टाकली. "तुझे बाबा होते ते. त्यांना काय तू माहीत नव्हतीस?"

मी अगदी तेच केलं असतं, गॅलरीत उभं राहून.

माझ्या विषयात या उत्तराला काडीची किंमत नाही. घटनेनंतर महिन्यांनी, हिरमुसलेल्या मुलीची समजूत घालायला आईने दिलेलं उत्तर आहे ते. असल्या साक्षी मी आयुष्यभर लाल पेनाने खोडत आले. शिवाय सावंत काकूंचा मुलगा जिवंत आहे, त्याचं काय करायचं? मला माहीत नाही. कोणी हाक मारली, मारली की नाही, माझ्याकडे आजही काही स्पष्टीकरण नाही, आणि तो लेख अजून गेलेला नाही.

त्या रविवारी मात्र मी आत गेले, दार लावून घेतलं, आणि बाबा गेले तेव्हा रडले नव्हते एवढी रडले.