चार बार की पाच

माझी चूक झाली, असे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. तुम्ही घरचे, चहा पिताय, म्हणून सांगतो. पण हसायचे नाही.

हेदवीच्या वरच्या अंगाला मोटाररस्ता कापत होते, तेव्हाची गोष्ट. मक्तेदाराची तीस माणसे आणि मी त्यांचा मुकादम. काळ्या फत्तरात पाच सुरुंग ठासायचे, लाल बावटा दाखवून माणसे लांब काजूंच्या सावलीत न्यायची, वाती पेटवायच्या आणि बार मोजायचे. पाच वाजले, तर काम सुरू. चारच वाजले, तर एक भोक जिवंत. त्याला घण लागला की माणूस गेलाच. तिथे मोजणाऱ्याचे लक्ष हलून चालेल का?

त्या दुपारी माझे हलले. खाली समुद्र चांदीच्या ताटासारखा पडला होता. एक गलबत इतके सावकाश चालले होते, की ते हलतेय की मीच, कळेना. मनाने मी त्याच्या शिडाखाली जाऊन निजलो. लांब कुठे ढगात गडगडावे तसे काहीतरी ऐकू आले. भानावर आलो, तेव्हा धूर विरत होता.

बार किती वाजले? देव जाणे.

आता मुकादमाने मजुरांना विचारायचे? छे! चेहरा कडक केला आणि म्हणालो, "एक राहिलाय. कुणी हलायचे नाही."

माणसे तिथेच आडवी झाली. वारा सुटला, पाने सळसळली, कुणी घोरू लागले. उन्हे कलली, तरी मी बसलेलाच.

राहिलेले भोक मुकादमानेच बघायचे, अशी रीत. शेवटी उठलो. पाटीवाली म्हातारी भागी जवळ होती. तिला सांगितले, की माझे बरेवाईट झाले, तर म्हैस धाकट्या भावाला द्यायची.

ती म्हणाली, "बिनघोर जावा, मुकादम. काय व्हनार नाय."

सुरुंगातले तुला काय कळते, म्हणून मी तिला झापले. मग चार पायांवर रांगत गेलो. पाचही भोके फुटलेली!

परत येऊन तिला हळूच विचारले, "तुला ठाऊक होते?"

"पाच वाजले ना. समद्यांनी मोजले. जीव आमचा, आमी नाय मोजनार?"

"मग बोलली का नाहीस?"

"सावली बरी व्हती."

त्यानंतर ऊन फार झाले, की बार संपल्यावर भागी शांतपणे विचारी, "मुकादम, चारच ना?" आणि मी सगळ्यांना बसवून ठेवी. लोक म्हणत, मुकादम फार दयाळू. दया कसली? मला खात्रीच नसे.