नैवेद्याइतका वेळ

माझ्या वैजूला चौथं लागलं तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा देवावरचा माझा विश्वास डळमळला होता, हे आज कबूल करते. वरवर मात्र भक्ती नुसती उतू जात होती. कांदिवलीच्या आमच्या चाळीत कुणी काही सुचवायचा अवकाश, मी ते करून मोकळी. वेखंड उगाळून चाटवलं, शंखातलं पाणी पाजलं, गुरुवार धरले, आणि ती बोलेपर्यंत वांगं सोडलं. वांगं मला मुळातच आवडत नव्हतं. ते देवाला ठाऊक असणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

ऐकू वैजूला सगळं यायचं. डब्याचं झाकण उघडलं तरी बाहेरून धावत यायची. बालवाडीच्या बाईंनी मात्र, बोलायला लागली की आणा, म्हणून आम्हाला दारातूनच परत पाठवलं. घरी येताना तिचा हात मी इतका घट्ट धरला की मनगटावर बोटं उठली. माझ्यानंतर हिला काय हवं, काय नको, ते कुणाला कळणार, हा एकच विचार डोक्यात.

शेवटी कुणाच्या तरी ओळखीने अंधेरीला एका स्पीच थेरपिस्टकडे गेलो. मला वाटलं होतं, कुणी पिकलेल्या केसांचे डॉक्टर असतील, जिभेला औषध देतील. बघते तर माझ्याच वयाची मुलगी, जमिनीवर बसून वैजूशी लाकडी ठोकळे रचतेय. तासभर तिने वैजूपेक्षा मलाच जास्त न्याहाळलं. मग म्हणाली, "तिने काही विचारायच्या आधीच तुम्ही उत्तर देता. तिने नुसतं माठाकडे पाहिलं, की पाणी हवं का, घे, सांडू नकोस, हे सगळं तुम्हीच बोलता. तिला बोलायला जागाच नाही." वस्तू तिला दिसेल अशी हातात धरायची, आपण गप्प राहायचं आणि वाट बघायची, असा तिचा उपाय. मी विचारलं, किती वेळ? तर मलाच विचारते, घरी नैवेद्य दाखवता ना, ताट ठेवल्यावर किती वेळ थांबता? म्हटलं, डोळे मिटून मनात दहा मोजते.

"मग तेवढंच हिच्यासाठी थांबा."

"देवाला घाई नसते हो, हिला भूक लागते," मी फटकन उत्तर दिलं आणि मनातून भयंकर चिडले. लेकीचं तोंड उघडायला आणलं, तर ही माझंच बंद करतेय. तरी घरी करून पाहिलं. दोनच्या पुढे आकडा गेला नाही. तिने पेल्याकडे बघितलं की माझी जीभ सुटलीच. आमच्या सासूबाई सुपारी कातरत ही गंमत बघायच्या. मालवणीत एवढंच म्हणायच्या, "अगो, तू वायच गप रव. मगे चेडवाक बोलूक जागा गावतली." त्यांच्याशीही मी दोन दिवस अबोला धरला. तोही जमला नाही.

मग गणपती आले. आमच्याकडे पाच दिवस असतात. आरतीचा शेवटचा सूर कोण जास्त लांबवतं, यावर शेजारच्या परबकाकूंची आणि माझी दरवर्षी चुरस. त्या वर्षी तर नवसाचा जोर. पहिल्याच संध्याकाळी असा सूर लावला की परबकाकूंनी हार मानली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर घशातून आवाजच नाही. नुसती हवा. देवासमोर बसून रडले. मी याच्याकडे लेकीसाठी वाचा मागितली आणि याने माझीच काढून घेतली.

दुपारी नैवेद्य झाला. मोदकांवर तूप घालत होते, तेवढ्यात वैजूने पदर ओढला. रोजच्यासारखं माझं तोंड उघडलं, पण शब्द नाही. दुसरं काही करता येईना, म्हणून मोदक हातात धरून तिच्यासमोर खाली बसले आणि मोजायला लागले. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता आई बोलेल, मग मिळेल, हा तिचा रोजचा हिशोब. तीन. चार. तिने हात लावून माझा गळा चाचपला. सहा. सात. तूप माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. मग तिने ओठ हलवले आणि म्हणाली,

"दे."

मी तशीच बसून राहिले. डोळ्यांतून धारा, हातात मोदक. तेव्हा मला शंका राहू नये म्हणून की काय, तिने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी चांगलीच चिडून, "दे!"

"दी गो तिका," सासूबाई मागून म्हणाल्या. त्या दिवशी वैजूने चार मोदक मागून खाल्ले आणि संध्याकाळी पोट धरून बसली.

हा चमत्कार की नुसता बसलेला घसा, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. थेरपिस्टबाईंना हळू आवाजात सगळं सांगितलं, तर पोट धरून हसल्या आणि घसा सुटला तरी कुणाला कळू देऊ नका म्हणाल्या. पुढे दोन वर्षं त्यांच्याकडे जात होतो. ठोकळे, चित्रं, साबणाचे फुगे. एकेक शब्द सावकाश आला. आज वैजू स्वतः आई आहे. अजूनही थांबून, शोधून बोलते, आणि मी मध्येच तिचं वाक्य पुरं करायला गेले की बोट वर करते. मी गप्प बसते. बहुतेक वेळा.

तिच्या तोंडचा तो पहिला शब्द मीही देवाला किती वर्षं म्हणत होते, श्वाससुद्धा न घेता. त्याला उत्तर द्यायला मी कधी जागा ठेवलीच नव्हती. शरण जाणं म्हणजे पायांवर लोळण घेणं, असं मला वाटायचं. ताट ठेवावं, हात मागे घ्यावा आणि तोंड मिटावं, इतकंच ते असतं.

परवा नैवेद्य दाखवताना डोळे मिटून बसले होते. नात म्हणाली, आजी, एवढा वेळ काय मागतेस गं?

म्हटलं, काही नाही. माझं बोलून झालंय. आता त्याची पाळी.