अंगठ्याने सोडवलेला पेपर

प्रतापनगरातल्या माझ्या कथक वर्गातली एक विद्यार्थिनी नाचात अव्वल होती. लेखी परीक्षेत मात्र गेल्या वर्षी नापास झाली होती. यंदा मी तिला तोड्याचे, म्हणजे छोट्या नृत्यरचनेचे, बोल सोळा मात्रांत मांडून लिहायला बसवले. लिहिताना ती पाय आपटू लागली, म्हणून मी सक्त मनाई केली. पेन आठव्या मात्रेवरच थांबले.

"मॅडम, पाय थांबले का बोल आठवतच नाही मले."

उत्तर दाखवण्यासाठी मी फळ्यावर बोल लिहू लागले. मागून ती हसली. "तुमचाबी पाय चालून राहिला नं, मॅडम!"

मी नियमात दुरुस्ती केली: परीक्षेत चपला काढून बसावे आणि केवळ पायाच्या अंगठ्याने, आवाज न करता ताल धरावा.

पेपर संपल्यावर ती लंगडत बाहेर आली.

"पूर्ण लिहिला, मॅडम. अंगठा तेवढा दुखून राहिला."