अंजिराच्या घरात डाळिंब

झुलैहोचे दंड गावभर माहीत होते. कणकेची भरली परात असो की केतमन, म्हणजे ती रुंद पात्याची जड कुदळ, ती एका हाताने उचलायची. पाटाचं पाणी चोरणाऱ्या शेजाऱ्याला तिने एकदा भर दुपारी चिखलात लोळवलं होतं. पण या दंडांनी घरात तिला कधी वाचवलं नाही. नवरा एर्गाश तिच्याहून बुटका, तिच्याहून हडकुळा. तरी नवऱ्याने मारायचं आणि बायकोने सोसायचं, हे त्या मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ होतं. दुर्दैवाने तिलाही होतं.

ती कुवा गावची. कुवात घरोघरी डाळिंबं. लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या पेटीत ओल्या फडक्यात गुंडाळून डाळिंबाच्या काड्या घेऊन आली. सासर अंजीरवाल्यांचं. सासूने काड्या पाहून नाक मुरडलं आणि आमच्या अंगणात काटे नकोत म्हणाली. झुलैहोने त्या पाटाच्या पलीकडे, दिवसभर उन्हात तापणाऱ्या भिंतीलगत लावल्याच. एर्गाश त्या दिवसापासून तिला नावाने हाक मारेनासा झाला. "ए कुवावाली" एवढंच.

भांडण पाण्यावरून पेटलं. पाट एक आणि झाडांच्या तऱ्हा दोन. डाळिंबाला पाणी बेताचं पण नेमाने लागतं, मध्येच उपाशी ठेवून मग भसकन पाजलं तर फळ उभं तडकतं. अंजीर स्वतःच मुळं खोल घालून पाणी शोधतो. फळ पिकायला लागलं की त्याला पाणी म्हणजे विषच, फळं फुटतात आणि झाडावरच आंबतात. नेमक्या त्या दिवसांत झुलैहोने पाट डाळिंबांकडे वळवला. मधला मातीचा बांध झिरपला. सकाळी अंजिराच्या फांद्यांवर फुटकी फळं आणि त्यांवर गांधीलमाश्यांचे घोस. एर्गाशने केतमनचा दांडा घेतला आणि तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं.

हाड वाकडं जुळलं. शेजारची हनीफा खोला, म्हणजे हनीफा मावशी, मटणाचं सूप घेऊन आली आणि सबर कर म्हणाली. मोहल्ल्याचा म्हातारा पंच, अक्सकाल, आला, त्यानेही सबर कर म्हटलं, आणि जाताना एर्गाशकडून टोपलीभर चांगली अंजिरं घेऊन गेला. झुलैहोने सबर केला. असल्या सबराला मी तरी दुसरं नाव देईन, पण तिच्यासमोर ते कुणी दिलं नाही.

वर्षातून एकदा मात्र दोघांना एकमेकांशिवाय गत्यंतर नसे. पानं गळून गेली आणि जमीन अजून गोठली नाही, एवढ्या सापटीत झाडं पुरायची असतात. न पुरलेला अंजीर चिल्ल्याच्या, म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या चाळीस दिवसांच्या थंडीत काळा पडतो, डाळिंब थोडं जास्त सोसतं पण शेवटी तेही मरतं. अंजिराचं लाकूड वरून मऊ, आत ठिसूळ. लहानपणापासून तिरपं वाढवलेलं असलं तर हळूहळू निजतं, घाई केली की काडकन मोडतं. डाळिंब मोडत नाही. त्याच्या साऱ्या फांद्या एका मोळीत आवळायच्या, एकाने ती मोळी अंगाच्या भाराने जमिनीपर्यंत दाबून धरायची आणि दुसऱ्याने वाकून खुंट्याला बांधायची. मग वर बोरू, वर गवत, वर माती. बांधायच्या आत ती सुटली तर काट्यांसकट उसळून येते.

अशाच एका शरदात, त्यांची मुलगी नझोकत तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. ती गवताचा भारा घेऊन येताना निजवलेल्या अंजिरावर पाय पडला आणि फांदी मोडली. एर्गाशच्या हातात दोर होता. त्याने तोच तिच्या तोंडावर ओढला, मग पाठीवर, मग ती खाली पडल्यावर पायांवर. पोरीचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबला. झुलैहो चार हातांच्या अंतरावर डाळिंबाची मोळी छातीखाली दाबून ओणवी होती. ओरडली, पण सोडता येत नव्हतं. एर्गाशने मारणं संपवलं, दोरावरचं रक्त विजारीला पुसलं आणि काहीच झालं नसल्यासारखा झुलैहोपाशी येऊन बांधायला वाकला. मोळी उसळली. काटा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला आणि डोळा फुटला.

"हात निसटला," झुलैहो अक्सकालाला म्हणाली. मिलिशियावाला, म्हणजे पोलीस, येऊन गेला, त्यालाही तेच म्हणाली. मोहल्ल्यात अर्ध्यांनी ते खरं मानलं, अर्ध्यांनी तोंडावर हात ठेवून मान हलवली.

एर्गाश इस्पितळातून डोळ्यावर पट्टी बांधून परतला तो घरात गेलाच नाही. सरळ कुऱ्हाड घेऊन भिंतीकडे गेला. अंजीर शेजाऱ्यांनी मातीखाली घातले होते, डाळिंबं अजून उघडीच होती. त्याने सगळी बुडापासून तोडली. झुलैहो आडवी आली तेव्हा कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने तिच्या बरगड्या मोडल्या आणि दमल्यावर दारूच्या बाटलीसकट भावाच्या घरी जाऊन राहिला.

झुलैहो अंथरुणातून उठली ती ऐन चिल्ल्यात. नळाचं पाणी गोठलेलं, चिमण्या मरून पडत होत्या. तिने बरगड्यांवर शाल आवळली, केतमन उचलली आणि भर दुपारी अंजिरांवरची माती ओढायला लागली. हनीफा खोला भिंतीवरून म्हणाली, पोरी, झाडाचा काय गुन्हा? झुलैहोने केतमन पुन्हा मातीत घातली. संध्याकाळपर्यंत सगळे अंजीर थंडीत उघडे पडले होते. आठवड्याभरात ते काळे ठिक्कर झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला शांत झोप लागली.

पण ती डाळिंबवाल्यांची पोर. डाळिंब बुडापासून तोडलं की त्याला पुन्हा फळ धरायला वर्षं लागतात, एवढं तिला माहीत होतं. सगळी झाडं तशीच असणार असं ती धरून बसली. उन्हाळ्यात मेलेल्या अंजिराच्या बुडातून मनगटाएवढे जाड कोंब उसळले आणि त्याच शरदात, त्याच कोऱ्या फांद्यांवर, अंजिरं लगडली. तिच्या डाळिंबांना नुसते कोंब आणि काटे. एर्गाश घरी परतला. तिच्यासमोर ओट्यावर बसून, एकेक अंजीर सोलून खात तो हसत राहिला, एका डोळ्याने रडावं इतका हसला. त्या हसण्याने झुलैहोला मोडलेल्या बरगड्यांपेक्षा जास्त दुखलं. आणि हसून झाल्यावर त्याने तिला मारलंच.

पुढची वर्षं तशीच गेली, किंबहुना वाईट. एका डोळ्याने नेम चुकायचा म्हणून एर्गाश जास्त वेळ मारायचा. कोवळे कोंब होते तोवर तो आपले अंजीर एकटा पुरायचा, ती आपली डाळिंबं एकटी. त्याने रागाच्या भरात नव्या अंजिरांना तिरपं वळण लावलंच नाही. ते सरळ वर गेले, मांडीएवढे जाड झाले. झुलैहोच्या डाळिंबांनी चौथ्या वर्षी फळ धरलं. नझोकत तोवर ओठावर व्रण असलेली, मान खाली घालून चालणारी मुलगी झाली होती.

त्या शरदात थंडी लवकर आली. आकाश निरभ्र, म्हणजे रात्री दहिवर गोठणार. एर्गाशला अंजीर एकट्याने वाकेनात. एक फांदी त्याने घाईत मोडलीही. हशर घालून शेजाऱ्यांना मदतीला बोलवायचं तर त्याच्या शिव्यांमुळे कुणी येईना. त्याचा राग त्याने सकाळीच काढला होता. चहा गार म्हणून नझोकतला वेणीला धरून उंबऱ्यापर्यंत फरफटत आणलं आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. झुलैहोने पोरीच्या कपाळाला फडकं बांधलं. मग ती अंगणात येऊन म्हणाली, आधी माझी डाळिंबं बांधू या, मग तुमचे अंजीर मी धरते.

तिने पहिली मोळी आवळली, छातीखाली घेतली आणि जमिनीपर्यंत दाबली. वाकडं जुळलेलं हाड सदऱ्यावरून दिसत होतं. एर्गाश दोर घेऊन आला आणि दोन पावलांवर थांबला. काटे त्याच्याकडे तोंड करून होते. नझोकत गवताच्या भाऱ्यापाशी उभी होती.

"ए कुवावाली, आधी एक सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी हात निसटला होता, की तू सोडलीस?"

"निसटला होता," झुलैहो म्हणाली. "खुदाशपथ. पोरीचं रक्त बघून हातपाय लटपटले होते माझे."

एर्गाशने श्वास सोडला आणि पुढे झाला.

"आज लटपटत नाहीत," ती म्हणाली. "आज निसटणार नाही. आज काय झालं तर ते मी केलेलं असेल. डोळा तुम्हाला एकच उरलाय. ह्या घरातल्या कुणा बाईच्या अंगाला पुन्हा हात लावणार नाही म्हणा, आणि मग वाका."

तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याने अंजिरांकडे पाहिलं. सरळ, उंच, नागडे उभे होते. उन्हं भिंतीवरून उतरायला लागली होती. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," झुलैहो म्हणाली. "पोरीला ऐकू जाऊ दे."

एर्गाशने ते मोठ्याने म्हटलं. मग तो वाकला. काट्यांपासून वीतभर अंतरावर त्याचा उरलेला डोळा भरून आला, गाठ दोनदा सुटली. झुलैहो हलली नाही. तिसऱ्यांदा गाठ बसली तेव्हा तो कोपरांवर मागे सरकला आणि तसाच मातीत बसून राहिला.

झुलैहोने दंड झटकले.

"उठा," ती म्हणाली. "अजून बरीच बांधायचीत. आणि दर वर्षी बांधायचीत."