दत्तूकाकाचा फ्लॅश

दत्तूकाका फोटो काढायला कुणाच्या घरात शिरला की आधी वर बघायचा. देवाचं नाव घ्यायला नव्हे, वाळत घातलेली धोतरं शोधायला. काशीतल्या आमच्या दुर्गाघाटावरच्या घरांच्या भिंती कुणाच्या निळ्या, कुणाच्या हिरव्या, छतं धुराने काळवंडलेली. फ्लॅशचा उजेड परतवायला त्याला काहीतरी पांढरं लागायचं, आणि भिक्षुकांच्या घरात पांढऱ्या धोतरांना तोटा नव्हता. उंच दांडीवरचं, काठीने वाळत घातलेलं सोवळ्याचं धोतर तो खुशाल हाताने ओढायचा. ते विटाळलं म्हणून आतून बायका ओरडत यायच्या, कारण आता ते पुन्हा धुणं आलं. आणि हा बाबा त्यांच्याच हातात त्याची टोकं देऊन वर त्यांनाच दरडावायचा, "उंच धरा, आणखी उंच!"

"तोंडावर फ्लॅश मारणं म्हणजे थप्पड मारणं," तो म्हणायचा. "भिंतीला सांग. भिंत सांगेल माणसाला."

फ्लॅशची मान वळवून तो उजेड धोतरावर टाकायचा, आणि तिथून तो मऊ होऊन माणसांवर उतरायचा. आमच्या गल्लीत भर दुपारीसुद्धा घरात दिवा लावावा लागतो. असल्या अंधारात त्याने तीस वर्षं मुंजी, बारशी, डोहाळजेवणं काढली, आणि त्यातला एकही चेहरा पांढराफटक पडला नाही. एवढं मी कबूल करतो. बाकी त्याला जाऊन वर्ष झालं तरी मला त्याचा राग येतो.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. पुण्याच्या भावाला येणं जमणार नव्हतं. त्याने नवा डिजिटल कॅमेरा पाठवला होता आणि फोटो ई-मेलने मागितले होते. मोबाइलने फोटो काढायचे दिवस अजून आमच्याकडे यायचे होते. आई चार महिने अंथरुणाला खिळलेली होती. तिचा एकच हट्ट होता, अण्णांचं औक्षण मी उभी राहून करणार. मला तो एक फोटो हवा होता. बाकीचे आले नसते तरी चाललं असतं.

दत्तूकाका आला तो त्याचा जुना, विटेएवढा फ्लॅश घेऊन. स्वतःचा फिल्मचा कॅमेरा त्याने घरीच ठेवला होता. मी म्हटलं, "काका, कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तकात लिहिलंय, दुसरा फ्लॅश लावू नका म्हणून."

"किताबवाले डरपोक असतात," तो म्हणाला. "अरे, उजेडाला काय नवं-जुनं असतं का रे? फ्लॅशच्या पाठीवर लाल खूण, कॅमेऱ्याचं अपर्चर आठवर, बस्स. उगाच माझं दिमाग नको खाऊस."

मी कॅमेरा त्याच्या हातात दिला.

पहिला फोटो फार छान आला. अण्णांच्या कपाळावरचं गंध, खांद्यावरची शाल, सगळं कसं शांत उजेडात. "बघ!" म्हणून त्याने कॅमेऱ्याचा पडदा माझ्या नाकासमोर धरला. दुसराही आला. मग माझ्या बायकोने आणि बहिणीने दोन्हीकडून धरून आईला उभं केलं. तिने तबक उचललं. हात थरथरत होते, पण ओवाळताना ती हसत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा हसत होती. काकाने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळा. बॅटरी काढून घातली, तरी काळाच. तो फिल्मचा कॅमेरा आणायला धावला. त्याचं घर सहा घरं सोडून. पण तो परत येईपर्यंत आम्ही आईला निजवलं होतं, आणि तिला पुन्हा उभं करणं शक्य नव्हतं. दीड महिन्याने ती गेली.

आणि कॅमेरा बंद पडला त्या दिवशी, सगळ्यांदेखत तो काय म्हणाला? "तुझा कॅमेराच नाजूक निघाला, मन्या."

समारंभानंतर चौथ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने तो उघडला आणि मान हलवली. "दत्तू चाचावाला फ्लॅश लगाया था न? कल ही नपवाने आए थे. दो सौ चालीस व्होल्ट उलटा फेंकता है. उनका पुराना कॅमेरा झेल लेता था, ये बेचारा छह झेलता है."

म्हणजे त्याला कळलं होतं. माझ्याआधी कळलं होतं. मी वाट पाहिली. तो आला नाही. आईच्या तेराव्याला आला, खाली मान घालून जेवला आणि गेला, पण 'चुकलं' एवढा एक शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. मग मीही बोलणं टाकलं. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला अंग चोरावं लागतं. पंधरा वर्षं आम्ही दोघंही अंग चोरून गेलो.

गेल्या वर्षी तो वारला. घाटावर शहरभरातले फोटोग्राफर आले होते. मी त्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो. एक जण माझ्याजवळ आला. "आप मन्या भैया? किसी ने नया कॅमेरा लिया सुनते ही चाचा मीटर लेके पहुँच जाते थे. फ्लॅश नापते, डाँटते. कहते थे, मैंने अपने मन्या की माँ का फोटो खा लिया, तुम किसी का मत खाना."

मला तिथेच, चितेसमोर, संताप आला. शहराच्या पार दुसऱ्या टोकांना, सिगऱ्याला जाऊन सांगितलंस, लंकेला जाऊन सांगितलंस, आणि सहा घरं ओलांडून माझ्या दाराशी यायला तुझे पाय मोडले होते का? माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारू नये हे ठीक आहे, पण 'चुकलं' तरी तोंडावर म्हणायचं होतंस. मी चार शिव्या दिल्या असत्या आणि मग चहा टाकायला सांगितला असता. पण ती सहा घरं माझ्याही बाजूने सहाच होती, याची मला तिथे कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

महिन्याने काकूने मला बोलावून तो फ्लॅश हातात ठेवला. कॅमेऱ्यात बसणाऱ्या त्याच्या पायाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बॉलपेनने काकाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'डिजिटलवर चढवू नये.' काकू म्हणाली, "तुलाच द्यायला सांगून गेले."

कॅमेऱ्यावर न चढवता, दूर ठेवूनही जुना फ्लॅश पेटवता येतो. त्याला एक लहानसा डोळा जोडायचा, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उडालेला दिसला की हाही उडतो. तसला डोळा आणून मी फ्लॅश काकूच्याच घरात स्टुलावर ठेवला. अजून दांडीवरच राहिलेलं काकाचं धोतर हाताने ओढलं आणि फ्लॅशसमोर ताणून बांधलं. काकू ओरडली नाही. ती पदर सारखा करून समोर बसली, आणि मी माझ्या आताच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

फोटो सुरेख आला. आईचा अगदी असाच आला असता.